न वाचलेलं सातवं पान

आमच्या गावात विमा म्हणजे माणूस मेल्यावर घरच्यांना मिळणारे पैसे. परदेशात घातलेल्या कारखान्याचाही विमा उतरवता येतो, हे मला नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. तिथे बंड झालं, सरकार उलथलं, रस्ते बंद होऊन कारखाना सोडून पळावं लागलं, तर मालकाला भरपाई मिळते. आमची सरकारी संस्था हेच काम करते. तिच्या लखनऊ शाखेत मला आता नऊ वर्षं झाली.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नगरपरिषदेच्या शाळेत शिकले. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. घरात पदवी घेतलेली मी पहिली. गणिताच्या बाईंनी माझा शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः तहसिलीत नेऊन दिला नसता, तर आज मी कुठे असते, हा विचार अजूनही येतो. त्यामुळे नोकरी मी फार मनापासून केली. अजून करते. ऑफिसात माझ्या टेबलावरची फाईल दुसऱ्या दिवसावर गेली, तर मला घरी जेवण जात नाही. नवरा हसतो. म्हणतो, "अगं, संस्था तुझी नाहीये." मला मात्र ती थोडी माझीच वाटते.

शाखेत माझं एक खास काम होतं. एखाद्या देशात कुणी कारखाना घालणार असेल, तर त्या देशाचं टिपण मी करायची. सरकार टिकाऊ आहे का, कायदे काय म्हणतात, परकी पैसा आत येतो तसा बाहेर जाऊ देतात का, रस्त्यावर बंदुका कुणाच्या आहेत. हे सगळं विकास नगरच्या घरून आणलेला डबा खात, स्क्रीनवर वाचून लिहायचं. मी आयुष्यात विमानात दोनदा बसले आहे, तेही नागपूरला जायला. पण चाळीसेक देशांबद्दल मी टिपणं लिहिली आहेत.

छोट्या उद्योजकांसाठी आमची नवी योजना आली तेव्हा पहिला अर्ज आला तो चचांचा. अमीनाबादच्या बाजारामागे त्यांचा जरदोजीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे तीन मजली जुन्या घराचा मधला मजला. लाकडी चौकटीवर कापड ताणून बांधायचं, तिच्या दोन्ही बाजूंनी कारीगर जमिनीवर बसणार आणि सुईनं जर, मणी, टिकल्या भरणार. त्या चौकटीला ते लोक अड्डा म्हणतात. असे पाच अड्डे आणि एकोणीस कारीगर, त्यातल्या बहुतेक बायका. सगळे त्यांना चच्चा म्हणायचे, म्हणून मीही चचा म्हणू लागले.

आफ्रिकेतल्या एका देशात लग्नाच्या पोशाखांवर अशा भरतकामाला मोठी मागणी होती. त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. चचांचा माल आधी व्यापाऱ्यामार्फत तिकडे जात असे. मग तिथल्या सरकारनं जाहीर केलं, इथे येऊन कारखाना घाला; जमीन फुकट, दहा वर्षं कर नाही, नफा हवा तेव्हा मायदेशी न्या. त्यांची गुळगुळीत कागदाची पुस्तिका चचांनी माझ्यासमोर ठेवली.

"देखो बिटिया, लाल कालीन बिछा रखा है हमारे लिए।"

मी टिपण लिहिलं. पाच वर्षांत दोन राष्ट्राध्यक्ष पदावरून हटवले गेले होते. उत्तरेकडच्या प्रांतात सशस्त्र टोळ्या होत्या. पण राजधानी शांत होती, निवडणूक झाली होती, आणि परकी गुंतवणूकदारांसाठीचा कायदा खरोखर चांगला होता. मी शेवटी लिहिलं, 'परिस्थिती अस्थिर, परंतु सुधारणेकडे कल.' साहेबांनी ते वाक्य तसंच वर पाठवलं. विमा मंजूर झाला. पैशांसाठी चचांनी कारखान्याचं ते घर बँकेकडे तारण ठेवलं.

डिसेंबरमध्ये सह्यांचा दिवस ठरला. चचांचे गुडघे दुखायचे, म्हणून कागद घेऊन मीच त्यांच्याकडे गेले. त्या दिवशी तिकडच्या कारखान्यासाठी पहिल्या नमुन्याचा अड्डा बांधला जात होता. नवा अड्डा बांधायचा म्हणजे त्यांच्याकडे सणासारखं. कापड ताणून शिवलं की मालक पहिला टाका घालतो, मग मिठाई वाटतात. खोलीत अगरबत्तीचा वास होता. चचांचा धाकटा भाऊ, जो तिकडे जाऊन कारखाना सांभाळणार होता, नवा कुर्ता घालून उभा होता. कारीगर बायका त्याची चेष्टा करत होत्या.

"छोटे मियाँ, वहाँ की मेम ले आओगे तो बिरयानी कौन पकाएगा?"

"मेम पकाएगी, तुम खाने आना।"

मी एका बाजूला चटईवर बसून कागद वाचून दाखवायला लागले. करार इंग्रजीत होता, बारा पानांचा. आमच्याकडे पद्धत अशी की प्रत्येक पान ग्राहकाला त्याच्या भाषेत समजावून सांगायचं आणि शेवटी छापील ओळीखाली आपली सही करायची: सर्व अटी समजावून सांगितल्या. सहा पानं मी नीट सांगितली. सातव्या पानावर कारखाना सोडून जावा लागला तर काय, ते होतं. मी सुरुवात केली, "अगर कारख़ाने पर ताला लगाना पड़े..."

चचांनी हात वर केला. सुया थांबल्या.

"आज नहीं, बिटिया। अड्डा बँधने के दिन ताले का नाम नहीं लेते।"

त्यांच्या बेगम दारातून म्हणाल्या, "अरे, बच्ची है, उसे क्या मालूम। लो, मुँह मीठा करो।" आणि माझ्या तळहातावर पेढा ठेवला.

मला फार ओशाळल्यासारखं झालं. लोकांच्या चांगल्या दिवशी आपण अभद्र बोललो. माझ्या आईसमोर कुणी असं बोललं असतं तर तिनंही तोंडावर हात ठेवला असता. मी सातवं पान उलटलं. आठव्यापासून पुढे वाचलं. निघताना मनात म्हटलं, पुढच्या आठवड्यात येऊन सांगू. पुढच्या आठवड्यात मुलाच्या परीक्षा होत्या, मग मार्च आला. छापील ओळीखाली सही मी त्या दिवशीच केली होती.

सातव्या पानावर एक साधी अट होती. कारखाना सोडावा लागला तर भरपाईसाठी तो सलग सहा महिने बंद राहिलेला असला पाहिजे. मध्ये एक दिवस जरी काम सुरू केलं, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

तिकडचा कारखाना फेब्रुवारीत सुरू झाला. चचांचा भाऊ रोज फोन करायचा आणि चचा मला ऑफिसात येऊन सगळं सांगायचे. त्यांच्या खुर्चीशेजारी बसून मी जे ऐकलं, ते माझ्या टिपणात कुठेच नव्हतं. परवाना राजधानीच्या मंत्रालयाचा होता, पण वाटेवर नाके लावून बसलेले सैनिक म्हणायचे, आमच्या कर्नलची मोहोर कुठाय? कर मुळीच नाही असं पत्र भिंतीवर फ्रेम करून लावलं होतं, आणि खाली बसलेला शिपाई दर शुक्रवारी 'रखवालीचे' घेऊन जायचा. पहिला नफा झाला. तो पाठवायला भाऊ बँकेत गेला.

"क्या बोला बैंक वाला?" मी विचारलं.

"बोला, क़ानून में लिखा है, ले जाइए। बस डॉलर नहीं हैं।" चचा हसले, पण हात काठीवर घट्ट होता.

तरी काम चालू होतं. भावानं तिथल्या चार मुलींना जरदोजी शिकवली. व्हिडिओ कॉलवर एकदा मला त्या दिसल्या, अड्ड्याच्या दोन बाजूंना बसलेल्या, अगदी अमीनाबादसारख्या. एकीनं कॅमेऱ्याकडे बघून "सलाम, चच्चा" म्हटलं आणि इकडे चचांचा सगळा मजला हसला.

मे महिन्यात एका पहाटे तिथल्या लष्करानं राष्ट्राध्यक्षांना घरात कोंडलं. दोन दिवसांनी लष्करातच फूट पडली. कारखान्याची वसाहत दोन गटांच्या बरोबर मधे आली. भावानं गेटला कुलूप घातलं आणि बंदराच्या शहरात एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे जाऊन राहिला. चचांनी मला पत्र दिलं, ते मी मुख्यालयाला पाठवलं. त्या दिवसापासून सहा महिने मोजायचे होते. तेव्हाही मी त्यांना म्हटलं, "चचा, अब छह महीने रुकना पड़ेगा।" बंद ठेवण्याबद्दल बोलले नाही. तिथे गोळ्या चालल्या होत्या. कुलूप उघडायला कोण जाणार, असं मला वाटलं.

बँकेची नोटीस सप्टेंबरात आली. भरपाई मिळाली तर घर सुटणार होतं आणि पाच अड्डे तिथेच राहणार होते. नाही मिळाली तर घर विकलं जाणार होतं. हे चचांनी कारीगरांपासून लपवलं नाही. मी कधी गेले की बायका सुई न थांबवता विचारायच्या, "दीदी, कुछ आया?"

"आएगा," मी म्हणायची. माझी खात्री होती.

नोव्हेंबरात सहा महिने झाले. चचा आणि त्यांचा भाऊ, जो नुकताच परतला होता, दावा दाखल करायला आले. भाऊ वाळला होता, चेहरा काळवंडला होता. दाव्याच्या अर्जात एक मोठी मोकळी जागा असते: कारखाना बंद केल्यापासून आजवर काय घडलं ते क्रमानं लिहा. ग्राहक सांगतो, आम्ही लिहितो. मी पेन काढलं.

भावानं मे सांगितला, जून सांगितला. मग चचाच मध्ये बोलले. त्यांच्या आवाजात अभिमान होता.

"अक्टूबर का भी लिखो। आठ दिन की जंगबंदी हुई थी। अड्डे पर एक दुल्हन का जोड़ा अधूरा पड़ा था। हमने फ़ोन पर इससे कहा, मियाँ, हमारे यहाँ अधूरा काम छोड़कर नहीं उठते। जाओ, पूरा करो। वो चारों लड़कियाँ आईं। जेनरेटर चलाया। तीन दिन में जोड़ा पूरा किया, दुल्हन के घर पहुँचाया। फिर ताला।"

माझं पेन थांबलं. शेजारच्या टेबलावरून साहेबांनी मान वर केली. ते स्वभावानं चांगले आहेत, आणि त्यांना अट माहीत होती. ते उठून माझ्याजवळ आले आणि हळू म्हणाले, "मॅडम, बुज़ुर्ग आदमी हैं, तारीख़ में गड़बड़ हो सकती है। चाय पिला दीजिए, फिर एक बार पूछ लीजिए।"

ते काय सुचवत होते, ते मला कळलं. चचांना कळलं नाही.

वडिलांची गोष्ट सांगितल्याशिवाय मी पुढे काय केलं ते कळणार नाही. मी सातवीत असताना जिनिंगच्या पट्ट्यात त्यांची दोन बोटं गेली. पट्टा आधीच फाटलेला होता, हे त्यांनी कारकुनाला सांगितलं. कारकुनानं लिहिलं, 'स्वतःच्या निष्काळजीपणाने.' वडिलांना वाचता येत नव्हतं. चांगल्या हाताचा अंगठा त्यांनी त्या कागदावर उमटवला. नंतर मीच तो कागद त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "मी असं नव्हतं सांगतलं." मी तेव्हाच ठरवलं होतं, आपल्या हातात पेन आलं तर समोरचा माणूस सांगेल ते आणि तेवढंच लिहायचं. विकास नगरला आम्ही पाच-सहा मराठी कुटुंबं दर रविवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये बुद्धवंदनेला जमतो. पंचशील घेताना चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी मला दर वेळी तो कागद आठवतो.

मी लिहिलं. ऑक्टोबर, आठ दिवसांची युद्धबंदी, तीन दिवस काम, एक पोशाख पूर्ण. खरं तर मला वाटत होतं की वरचे लोक हे वाचून चचांच्या सचोटीचं कौतुक करतील. असा माणूस खोटा दावा कसा करेल, असं म्हणतील. मी तेवढी भोळी होते. लिहून झाल्यावर चचांनी विचारलं, "सब लिख लिया न, बिटिया? वो तीन दिन वाला भी?"

"जी," मी म्हटलं.

त्यांनी सही केली. उर्दूत, सुंदर वळणाची.

उत्तर जानेवारीत आलं. एका परिच्छेदाचं. ऑक्टोबरात काम सुरू झाल्यानं मोजणी नव्यानं सुरू झाली, नवे सहा महिने पूर्ण होण्याआधी डिसेंबरात विम्याची एक वर्षाची मुदत संपली, दावा नामंजूर. साहेबांनी पत्र माझ्याकडे दिलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. काय झालं ते सांगताना रडू आलं.

आई म्हणाली, "खरं लिवलं ना तू? मंग कायले रडतं वं?"

"आई, मी एक पान वाचूनच दाखवलं नव्हतं त्यांना. आणि वाचलं म्हणून सही केली."

ती म्हणाली, "ते सांगतलं का त्याइले?"

मी सांगितलं नव्हतं. हेच मला इतके दिवस खात होतं. चचांचे तीन दिवस मी तारखेसकट कागदावर उतरवले होते. माझा एक दिवस कुठेच उतरवला नव्हता. वडिलांच्या कारकुनाला मी तीस वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी मुख्यालयाला पत्र लिहिलं की सातवं पान मी समजावून सांगितलं नव्हतं, चूक माझी आहे, दाव्याचा पुन्हा विचार व्हावा. साहेब म्हणाले, "नौकरी पे बात आएगी।" मी पाठवलं. नोकरीवर काही आलं नाही. एक ताकीद मिळाली. दाव्याबद्दल लिहिलं होतं, करार ग्राहकाला दिलेला होता, तो त्यानं वाचला आहे असंच धरलं जातं.

मग मी चचांकडे गेले. ते वरच्या मजल्यावर पलंगावर बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. अड्डा बांधण्याचा दिवस, सातवं पान, त्यावर काय होतं, माझी सही. बेगमसाहेबांनी पदर तोंडाशी धरला. माझं बोलणं संपल्यावर चचा म्हणाले, "रोका तो हमने था।"

"आपने रोका, पर पढ़ना मेरा काम था, चचा।"

"हाँ," ते म्हणाले. "आपका काम था।"

एवढंच. मला वाटतं, मी रडले असते तर त्यांनीच माझी समजूत काढली असती, म्हणून मी रडले नाही. बेगमसाहेबांनी चहा आणला. तो आम्ही तिघांनी प्यायला.

मी निघाले तेव्हा चचांनी थांबवलं. मोहल्ल्यात बोललं जात होतं की विम्याचे पैसे आलेत आणि चच्चा दाबून बसलेत. कारीगर तोंडावर म्हणत नव्हते, पण त्यांच्या नजरा बदलल्या होत्या. "चालीस साल में यह किसी ने नहीं कहा था," ते म्हणाले. "आप नीचे चलकर बता दीजिए। आप दफ़्तर की हैं, आपकी मान लेंगे।"

आम्ही मधल्या मजल्यावर उतरलो. ते जिना एकेक पायरी उतरत होते, भावानं हात धरला होता. पाचही अड्ड्यांवर काम चालू होतं. एका व्यापाऱ्याची शेवटची ऑर्डर होती. मी दाराशी उभी राहून बोलायला सुरुवात केली. हिंदीत बोलताना मी सहसा अडखळत नाही, त्या दिवशी अडखळले. पैसे आलेले नाहीत. येणार नाहीत. तिकडे तीन दिवस काम झालं, त्यामुळे अट मोडली. ती अट सांगायची जबाबदारी माझी होती, मी सांगितली नव्हती. चच्चांनी कुणाचं काही ठेवलेलं नाही.

कुणी ओरडलं नाही. मागच्या अड्ड्यावरची एक बाई, तीच जी धाकट्या भावाची चेष्टा करायची, तिनं विचारलं, "वो दुल्हन का जोड़ा, जो वहाँ पूरा किया, अच्छा बना था?"

भाऊ म्हणाला, "बहुत अच्छा बना था, आपा।"

तिनं मान हलवली. शेजारची, जिला घरी दोन लहान मुली होत्या हे मला माहीत होतं, ती माझ्याकडेच बघत होती.

"दीदी, तो सोमवार को हम आएँ कि न आएँ?"

ते घर माझं नव्हतं, काम माझं नव्हतं. तरी प्रश्न मलाच विचारला होता, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी चचांकडे पाहिलं.

"यह ऑर्डर कल तक हो जाएगा," चचा म्हणाले. "सोमवार को न आना, बेटा।"

पाच वाजता त्या उठल्या. प्रत्येकीनं आपापल्या सुया कापडाच्या तुकड्यात गुंडाळल्या, चपला शोधल्या, बुरखे घातले. मीही त्यांच्याबरोबरच निघणार होते. पण जिना एकच होता आणि अरुंद होता. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि आधी त्यांना उतरू दिलं.